इंजिनाला लागलेली थंडी

१० ऑक्टोबर, शुक्रवार

गाडी सुरू झाली नाही. स्टार्टर फिरतो, इंजिन पकडत नाही. आमचा ड्रायव्हर ज्ञानदेव चावी फिरवत राहिला, शेवटी पेट्रोलचा वास सुटला. मार्था मागच्या सीटवर तयार होऊन बसलेली. चादर, पाण्याची बाटली, उलटीचं पातेलं, सगळं जागच्या जागी. नगरला डायलिसिस सेंटरला फोन केला. आजची पाळी गेली, उद्या दुपारी या म्हणाले.

उतरताना ती म्हणाली, "बरं झालं." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

११ ऑक्टोबर, शनि.

सकाळी पोपट मिस्त्री येऊन गेला. स्टेअरिंगखाली स्कॅनर लावला. एकही फॉल्ट दाखवत नाही.

"काँप्युटर म्हनतो गाडी ठनठनीत हाय, काका."

मग सुरू का होत नाही, ते काँप्युटर सांगत नाही.

भाड्याच्या जीपने नगर. परतताना रुईछत्तिशीच्या अलीकडे मार्थाला उलटी झाली, सीटवरच. ड्रायव्हर एक शब्द बोलला नाही, तेच तिला लागलं. जीप कडेला घ्यायला लावून सीट तिने स्वतः पुसली. मला हात लावू दिला नाही. मिरजगाव येईपर्यंत डोळे मिटून. घरी आल्यावर सांगितलं, दुसऱ्याच्या गाडीत आता पाय ठेवणार नाही. ॲम्ब्युलन्सही नको, दारात आली की गल्ली गोळा होते. एसटीचा प्रश्नच नाही.

म्हणजे आपली गाडी, नाहीतर काहीच नाही. आणि मंगळवारी पुन्हा जायचंय.

१२ ऑक्टो., रवि.

चर्चला गेलो नाही.

पोपटने प्लग काढून दाखवले. काळे आणि ओले. इंजिनात पेट्रोल जास्त जातंय एवढं नक्की. का जातंय, त्यालाही माहीत नाही. नवे प्लग टाकले. दोन उचक्या दिल्या आणि गप्प.

मागे एका लेखासाठी गाडीचे सेन्सर वाचायचं काडेपेटीएवढं यंत्र घेतलं होतं, ते शोधून काढलं. आकडे मोबाईलवर येतात, पण माझ्या मोतीबिंदूला ते म्हणजे नुसत्या मुंग्या. मार्थाला शेजारच्या सीटवर बसवलं. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेला आवाज, एकेक आकडा खणखणीत वाचला. बॅटरी ठीक. स्टार्टर मारला की फेरे मोजले जातात, म्हणजे तोही सेन्सर जिवंत.

वर्तमानपत्राच्या डेस्कवरची सवय, एकाच माणसाच्या सांगण्यावर बातमी लावायची नाही. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत आत येणारी हवा आणि इंजिनातलं पाणी, दोन्हींचं तापमान सकाळी जवळजवळ सारखं हवं. दोन्ही विचारली. हवा चोवीस. पाणी बावीस.

जुळतं. तिथेही काही नाही.

१३ ऑक्टो., सोम.

ज्ञानदेवचं म्हणणं निराळं. आमच्या घरात पूजाअर्चा नाही, पण गाडी चालवतो तो. त्यामुळे खंडेनवमीला गाडी धुऊन पूजा तोच करतो आणि नारळ मार्था देते. तो तिचा विद्यार्थी, वर्गात फळा पुसायचा म्हणे. यंदा नारळ नासका निघाला होता. तेव्हा कोणी काही बोललं नाही. आज बोलला.

"पूजा लागली न्हाई, बाई. परत करतो."

बॉनेट उघडून पाइपाने आतवर पाणी मारलं. हळद-कुंकू, नवा नारळ. नारळ चांगला निघाला. गाडी नाही.

डायलिसिसमुळे मार्थाला खोबरं वर्ज्य आहे. तिने प्रसादाचा तुकडा उचलला आणि सावकाश खाल्ला, माझ्याकडे बघत.

१४ ऑक्टो., मंगळ.

गेलो नाही.

तरी जीप सांगून ठेवली होती. आली, दारात उभी राहिली, हॉर्न दिला, गेली. तेवढा वेळ मार्था आतल्या खोलीत उशांच्या खोळी काढत होती. धुवायच्या होत्या म्हणे. सेंटरमधल्या सिस्टरचा फोन आला, गाडी बंद आहे असं सांगितलं. गाडी बंद आहे हे खरंच आहे.

पोपटने पंप बदलून पाहिला. नाही. आता तो माझ्याशी बोलताना गाडीकडे बघतो.

संध्याकाळी मार्थाची पावलं सुजली. बोट दाबलं की खळगा राहतो. "बघू नका सारखं," म्हणाली.

१५ ऑक्टो., बुध.

लेख वेळेत पाठवला. कांद्याच्या चाळींवर. त्यात काय लिहिलंय विचाराल तर सांगता यायचं नाही.

त्याआधीची गोष्ट. पोपट सकाळीच आला, शेवटचं बघतो आणि मग गाडी टो करून नगरला पाठवू म्हणाला. मार्था झोपलेली, दोन उशांवर, आडवं पडलं की दम लागतो. मी यंत्र लावलं आणि मोबाईल पोपटच्या हातात दिला. हवा आणि पाणी वाच म्हटलं.

"हवा तेवीस. पानी उने पंचवीस."

पुन्हा वाच म्हटलं.

"उने हाय काका, हे बगा आडवी रेघ. बर्फ झालाय की."

मी म्हणालो, रविवारी बावीस होतं.

"रविवारी कोन वाचलं?"

पोपट माझ्याकडे बघत राहिला, मग बॉनेटखाली गेला.

सगळं सरळ होतं. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर काँप्युटरला थंडी कळवतोय. कडाक्याच्या थंडीत इंजिन सुरू व्हायला जास्त पेट्रोल लागतं, म्हणून काँप्युटर ओततोय. प्लग भिजतात. फॉल्ट दाखवत नाही, कारण इतकी थंडी जगात कुठे ना कुठे पडतेच. गाडी मिरजगावात उभी आहे हे त्याला कोण सांगणार.

सेन्सरला वायर जोडणारी क्लिप उघडली. पितळेवर हिरवा बुरा आणि त्यात हळदीचा वाळलेला गोळा. पोपट हसायला लागला. ज्ञानदेवला यातलं काही सांगू नको म्हटलं.

"म्या कशाला सांगतो. पन फुडच्या टायमाला पूजा लांबून करा म्हना. दर्शन घेतल्यासारखी."

उघडताना क्लिप तुटली. नवी नगरहून आणावी लागणार. उद्या.

मार्था उठल्यावर तिला फक्त एवढंच सांगितलं, की सापडलंय.

"हो?" म्हणाली. कशात सापडलं, विचारलं नाही.

१६ ऑक्टो., गुरु.

पोपट दुपारी क्लिप घेऊन आला. वायर जोडली. या वेळी मी स्वतः भिंग लावून बसलो. पाणी एकतीस, हवा एकतीस. आडवी रेघ नाही. प्लग पुसून टाकले, चावी फिरवली, दुसऱ्या खेपेला पकडलं.

ज्ञानदेवने बॉनेटला हात जोडले. "लागली बगा पूजा. एक दोन दिस जात्यात." पोपट हत्यारं आवरत राहिला, मान वर केली नाही.

मार्था ओट्यावर आली नाही. इंजिनाचा आवाज आत गेलाच असेल.

जेवताना विचारलं. रविवारी उणे दिसलं नव्हतं का?

"दिसलं."

भाकरीचा तुकडा मोडून ताटातच ठेवला. मग म्हणाली, "वाचलं नाही."

मंत्र्या-संत्र्यांना पुढचा प्रश्न विचारण्यात हयात गेली. आज सुचला नाही. पाणी मोजून प्यायचं असतं तिला. तिच्या पेल्यात आजचं उरलेलं होतं, तेही तिने माझ्याकडे सरकवलं.

१७ ऑक्टो., शुक्र.

ओट्यावर बसून लिहितोय. साडेसातला निघायचं होतं, ती वेळ गेली. सेंटरला फोन केला. उशीर झाला तरी या म्हणाले, सिस्टरचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

गाडी दारात, चालू. ज्ञानदेव बंद करायला तयार नाही. परत नाही पकडलं तर? चादर, बाटली, पातेलं मी ठेवलं. चादर तिच्यासारखी घडी घालता आली नाही.

मार्था दारातल्या खुर्चीवर. तिची चप्पल चढेना म्हणून माझी दिली. ती पायात घातली आहे, पदर नीट केला आहे, पिशवी मांडीवर. बोलताना मध्ये थांबावं लागतं.

"आज न्याल. मंगळवारी?"

मंगळवारीही नेणार म्हटलं.

"आणि मग?"

"मग शुक्रवार."

ती थोडं हसली, त्याचाही दम लागला. हे बरं होण्यासाठी नाही, हे आम्हा दोघांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. डॉक्टरांनी कागदावर रेघ ओढून समजावलं होतं. तिनेच मला घरी येताना पुन्हा समजावलं, शाळेत समजवायची तसं. तेव्हा मी खूप प्रश्न विचारले होते.

आज मी म्हणालो, तू नाही म्हणालीस तर मी ज्ञानदेवला गाडी बंद करायला सांगतो. ते खरंच म्हणालो.

ती गाडीकडे बघत होती. इंजिन तापलं, पुढचा पंखा सुरू झाला.

ज्ञानदेवने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "बाई, येताय ना? का बंद करू?"

"बंद नको करू," ती म्हणाली.

उठलेली मात्र नाही, अजून.