टाकोला काटा

मेक्सिको शहर,
रविवार दुपार (हात अजून तेलकट)

ती. ओबदुलियामावशीस,

यादिराचा नमस्कार. तुझे गुडघे, काकांची होडी आणि शिव्या देणारा पोपट हे सगळे एन्सेनादाच्या खाऱ्या हवेत ठणठणीत असतील, अशी आशा करते. इकडे मी वगळता सगळे मजेत आहेत.

तू विचारलं होतंस, की तुझा धर्मपुत्र लेओबार्दो आमच्या बाजारात माशाच्या टाकोंची गाडी नीट चालवतो का, आणि मासे तळायच्या तुझ्या पिठाची कृती (जी तू सख्ख्या बहिणीला, म्हणजे माझ्या आईला, आजवर दिली नाहीस) त्याला द्यावी का. आत्ता तिथूनच येते आहे. उत्तर: देऊ नकोस. कारणं खाली लिहिते, रागात असले तरी क्रमानं.

आधी तेल. शीतगृहांची यंत्रं दुरुस्त करते, त्यामुळे तापमापक माझ्या पिशवीत असतोच. तो मी त्याच्या कढईत बुडवला. हवं एकशे ऐंशी अंश, निघालं एकशे चाळीस. अशा तेलात मासा तळला जात नाही, आंघोळ करतो, आणि पीठ त्याच्या अंगावरून ओल्या टॉवेलासारखं गळून पडतं. त्यावर चीज. मावशी, चीज! या शहरात केसादियात, जिच्या नावातच चीज आहे त्या पोळीत, चीज हवं असेल तर वेगळं मागावं लागतं (असली ही माणसं), आणि माशावर मात्र ते न मागता पडतं. साल्सा तिखट आहे का, विचारलं, तर म्हणाला, "छे, लहान मुलं खातात." ती कुणाची मुलं, हे मला डोळे पुसून होईपर्यंत विचारता आलं नाही.

पण हे सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे. माणूस नाही.

तुला ठाऊकच आहे, बाजारातला गाडीवाला प्रत्येक बाईला 'गोरे' म्हणून हाक मारतो. तिचा रंग कोणताही असो, वय कितीही असो. (मी आईवर गेले आहे, म्हणजे गव्हाळसुद्धा नाही. पण नियम तो नियम.) आज माझ्या पुढे कोंबड्या विकणाऱ्या चोलेकाकू होत्या, ज्यांना मिशी आहे. त्यांना म्हणाला, "ये गं गोरे, तुझ्यासाठी कुरकुरीत काढलाय बघ!" माझ्या मागच्या बाईला म्हणाला, "थांब हं राणी, आत्ता देतो." आणि मधे मी. मला पाहून हा माणूस ताठ झाला, त्यानं हात फडक्याला पुसले आणि म्हणाला, "अहो इंजिनियरबाई, बसा ना. उभ्या कशाला?"

सगळ्या बाजाराला 'अगं', मला 'अहो'! (पहिल्या दिवशी मी त्याच्या बर्फाच्या पेटीबद्दल दोन शब्द बोलले होते, हे खरं. दोनच नव्हते, हेही खरं. पण पेटी दुरुस्त मीच केली.) बाकीचे गाडीला टेकून, पुढे वाकून, कोपरापर्यंत रस गाळत खात होते. मला एकटीला खुर्चीवर बसवलं आणि टाकोबरोबर काटा दिला. काटा. स्टीलचा. मी काय परदेशातून आले आहे? टाको हातात धरायला मी शिकले तेव्हा मला नीट चालताही येत नव्हतं, आणि शिकले ते तुझ्याच गाडीशी.

"हा काय प्रकार आहे?" मी विचारलं.

"तुमचे हात खराब व्हायला नकोत म्हणून."

"माझे हात दिवसभर ग्रीसमध्ये असतात."

त्यावर चोलेकाकू तोंडातला घास न गिळताच बोलल्या, "अगं पोरी, तुझ्याचसाठी आणलाय तो. रोज घासून ठेवतो. आम्ही मागितला तर म्हणतो, तुम्हाला काय हात नाहीत?"

सगळा बाजार हसला. लेओबार्दो कढईकडे तोंड करून उभा राहिला, आणि तेवढ्यात त्यानं एक मासा जाळला. (एकशे चाळीस अंशांवर मासा जाळायला वेगळंच कौशल्य लागतं.) मी चारही टाको हातानं खाल्ले आणि पिशवी उचलून निघून आले. अशा माणसाच्या हाती तुझं पीठ पडावं, हे मला मान्य नाही.

काकांना नमस्कार. पोपटाला नको, तो उलट बोलतो.

तुझी,
यादिरा

ता. क. मासा ताजा होता. हे न लिहिणं अन्यायाचं होईल.

आणखी एक. कृती अगदीच नाकारू नयेस, असं आता वाटतं. पण ती त्याला पत्रानं पाठवून उपयोग नाही. हे शहर समुद्रसपाटीपासून फार उंचावर आहे, पिठात बिअर किती घालायची ते इथं नव्यानं ठरवावं लागेल, आणि तापमापक घेऊन कुणीतरी कढईशेजारी उभं राहिल्याशिवाय ते जमणार नाही. तू कृती मला कळव, मी शिकवीन. रविवारी मी रिकामी असते. ही तुझी अट आहे, असं त्याला लिही. सुचवलं कुणी, ते लिहू नकोस.

तिसरं. त्याचा काटा चुकून माझ्या पिशवीत आला आहे.

शेवटचं. शिकवणाऱ्या बाईला 'अहो' म्हणायची गरज नाही, हेही त्याच पत्रात घाल. 'गोरे' म्हटलं तरी चालेल. शास्त्रीयदृष्ट्या ते चूक आहे, पण मी हरकत घेणार नाही.