मेहुण्याकडून आलेले ठिपके

११ सप्टेंबर, सकाळी
मी मनात काही ठेवत नाही. सगळं इथे लिहून ठेवतो.

सुलतानच्या अंगावर ठिपके आलेत. पांढरे, कोणी मीठ भुरभुरावं तसे. शेपटीवर बरेच, डोळ्याजवळ एक. सुलतान म्हणजे आमच्या बैठकीतल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधला एंजलफिश. आणला तेव्हा करंगळीएवढा होता, निळ्या अंगावर पांढरी वर्तुळं. आताचे पिवळे पट्टे माझ्या डोळ्यांदेखत उमटले. मोंबासाच्या पोर्टातून रिटायर झाल्यापासून घरात मी मनमोकळं बोलतो ते फक्त त्याच्याशी. बाकीचे उलट बोलतात.

हे काम कोणाचं ते मला कळलंय. अथमानचं.

११ सप्टेंबर, दुपारी
पुरावा लिहून ठेवतो. अथमान म्हणजे माझ्या बायकोचा, मुनिराचा भाऊ, माझा मेहुणा. शहराबाहेर मटवापाला त्याची शेड आहे, समुद्रातले रंगीत मासे परदेशी पाठवतो. मागच्या आठवड्यात मी एक नवा निळा मासा आणून टँकमध्ये सोडला. त्यानंतरच हे ठिपके. आता तो मासा मी अथमानकडून घेतला नाही, हे खरं. अथमान भाव फार सांगतो. मी तो किनाऱ्यावर करिसा कोळ्याकडून निम्म्यात घेतला. पण करिसा अथमानलाही मासे पुरवतो. म्हणजे रोग अथमानचाच. सरळ आहे.

मुनिरा म्हणाली, अहो स्वाबराचे बाबा, मग करिसावर चिडा की.

करिसावर चिडून काय मिळणार? तो थोडाच मेहुणा आहे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
नमाजनंतर मशिदीबाहेर अथमान भेटला. मी रोगाचं अवाक्षर काढलं नाही, पण मुनिराने फोन केलेला असणार. मेहुणेपणाची हाक मारून विचारतो कसा, शेमेजी, नवा मासा आधी वेगळ्या टबात ठेवला होतास ना, काही आठवडे? मी म्हटलं, पाहुणा आहे तो, त्याला वेगळं कशाला बसवू?

झालं. सगळ्यांसमोर सुरू झाला. म्हणाला, वा रे वा! मी सख्खा मेहुणा, तीस वर्षं तुझ्या दाराबाहेर दगडी बराझ्याच्या ओट्यावर बसून कॉफी पितोय, तू मला उंबऱ्याच्या आत घेत नाहीस. आणि करिसाच्या बादलीतला मासा थेट बैठकीत? अरे, माशालाही बसव की थोडे दिवस बराझ्यावर!

माणसं हसली. गल्लीतला म्हातारा शरीफ तर काठी टेकून हसला.

निश्चय: सुलतानला मीच बरा करणार, आणि अथमानला असा धडा शिकवणार की तो परत मशिदीबाहेर तोंड उघडणार नाही.

१४ सप्टेंबर
उपचार सुरू. लसूण ठेचून, त्यात कलौंजीचं तेल, त्यात शिंपल्याचं मांस. कलौंजीने माझा गुडघा बरा झाला होता. सुलतानला तर गुडघाच नाही, म्हणजे काम निम्मं झालं.

पाण्यावर तेलाचा तवंग आला. मुनिरा म्हणाली, भजी तळायची आहेत का यात. दुर्लक्ष केलं.

१७ सप्टेंबर
ठिपके गेले! एकही नाही. भिंग घेऊन पाहिलं.

अथमानला मुद्दाम फोन केला. सहज हवापाण्याचं बोललो, मग सांगितलं. तो म्हणाला, शेमेजी, ठिपके गेले म्हणजे रोग गेला नाही. ते किडे आहेत. माशाचं रक्त-मांस खाऊन पोट भरलं की खाली वाळूत उतरतात, तिथे एकाचे शेकडो होतात आणि परत चढतात. आत्ताच सगळे मासे बाहेर काढ, वेगळ्या टबात तांब्याचं औषध दे, उशीर करू नकोस.

दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही काही लोकांना. संध्याकाळी गल्लीतल्या चौघांना बराझ्यावर कॉफी आणि खोबऱ्याचा गोड कशाटा दिला आणि एकेकाला खिडकीतून सुलतान दाखवला. शरीफला बोलावलं नाही.

२३ सप्टेंबर
ठिपके परत. अंगभर. निळ्या माशावर, दोन्ही जोकर माशांवर, सगळ्यांवर. सुलतान खडकाला अंग घासतो.

अथमानची नजर लागली. फोनवरून.

२४ सप्टेंबर
तांब्याचं औषध आणलं. अथमान म्हणाला होता, टँकमध्ये टाकू नकोस, प्रवाळाचे खडक आणि वाळू तांबं पिऊन टाकतात, माशाला काही मिळत नाही आणि कोळंब्या मात्र मरतात. म्हणजेच टँकमध्ये टाकलं की गुण येतो, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. धंदा बसेल ना त्याचा.

एक झाकण टाकलं. मग अथमानच्या नावाने आणखी एक.

२५ सप्टेंबर
कोळंब्या गेल्या. दोन्ही. तारामासा खडकावर विरघळल्यासारखा पडलाय.

त्या कोळंब्या मुनिराच्या लाडक्या होत्या. ती पाण्यात हात घालायची आणि त्या येऊन तिची नखं साफ करायच्या. आज तिने तुरीच्या म्बाझीत नारळाचं दूध घातलं नव्हतं. मी मुकाट्याने खाल्लं, पण हेही अथमानच्या खात्यावर जमा.

२८ सप्टेंबर
निळा मासा गेला. जोकर दोघेही गेले.

सुलतान पंपाजवळ वर येऊन धापा टाकतोय. शिंपला दिला, तोंड फिरवलं. डोळ्यावर साय आल्यासारखी दिसते. मी खुर्ची टँकजवळ घेऊन बसलो. त्याला सांगितलं की अथमानला मी सोडणार नाही. त्याने ऐकलं की नाही कोण जाणे. चष्मा दोनदा पुसला. हवा दमट आहे सध्या.

२९ सप्टेंबर
सकाळी मुनिराने झाकणाची मोठी बादली काढली, टँकचं पाणी भरलं, सुलतानला जाळीत धरून आत सोडलं आणि टुकटुक रिक्षा बोलावली. मी विचारलं, कुठे? म्हणाली, माझ्या भावाकडे. तुमचा सूड तुम्ही सांभाळा, मासा मी नेते.

मी तिला अडवू शकलो असतो. विचार केला आणि अडवलं नाही. कारण त्याच क्षणी मला पूर्ण योजना सुचली. सुलतानच्या अंगावर आता हजारो किडे आहेत. हे हजारो किडे अथमानच्या शेडमध्ये जाणार. पंधरा दिवसांत त्याच्या प्रत्येक माशावर ठिपके! शत्रूच्या घरात माझाच माणूस, तोही त्याच्या बहिणीच्या हाताने पोचवलेला. मी मोठ्याने हसलो.

बादली दारातून जाताना पाणी हिंदकळलं आणि शेपटी काठावर आपटली. मग नाही हसलो.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
नाश कुठवर आलाय ते पाहायला मटवापाला गेलो. नाश नाही.

सुलतान शेडच्या पार दुसऱ्या टोकाला, एकटा, उघड्यावाघड्या टबात. वाळू नाही, खडक नाही, लपायला फक्त प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा. त्याची जाळी वेगळी, बादली वेगळी. अथमान त्याच्यापाशी जाऊन आला की कोपरापर्यंत हात धुतो. रोज पाण्यातलं तांबं तपासतो, नळीतला रंग उजेडात धरून. माझे किडे एक पाऊल पुढे सरकू शकले नाहीत.

मी म्हणालो, माझ्या सुलतानला तू गटाराच्या पाइपात ठेवलंस? म्हणाला, पाइपात का होईना, जगू दे की त्याला.

वर हुकूम सोडला. तुझ्या टँकमध्ये आता एकही मासा नको, अगदी डिसेंबरपर्यंत. किड्यांना खायला मासा मिळाला नाही की ते उपाशी मरतात, दुसरा उपाय नाही. एक जरी मासा टाकलास तर सगळं पहिल्यापासून.

माझ्या घरात काय असावं आणि काय नसावं, हे आता हा ठरवणार!

८ ऑक्टोबर
परत गेलो, नाश बघायला. सुलतानने खाल्लं. शिंपल्याचे दोन तुकडे. अथमान लहान मुलासारखा टाळ्या वाजवत होता. मी चेहरा कोरा ठेवला आणि बाहेर येऊन मटाटू बसच्या स्टॉपवर जरा वेळ उभा राहिलो. दोन मटाटू सोडल्या. गर्दी होती.

१९ ऑक्टोबर
न्हाव्याकडे कळलं, अथमानकडे येणारी गिऱ्हाइकं सुलतानचे फोटो काढतात. अथमान सांगतो म्हणे, हा माझ्या शेमेजीचा मासा, मरायला टेकला होता. आणि मान हलवतो. ती मान मला ठाऊक आहे. लग्नातही अशीच हलवली होती.

तिथून तडक करिसाकडे गेलो आणि एक मासा घेतला. नखाएवढा, निळा. आणला आणि सोडला टँकमध्ये. माझा टँक आहे. एवढ्याशा माशाला खाऊन किड्यांचं काय पोट भरणार?

वरून मुनिराचा अंगाभोवती गुंडाळायचा जुना कांगा टाकला. तिने विचारलं तर सांगितलं, टँकला विश्रांती.

२६ ऑक्टोबर
छोट्यावर एक ठिपका. वाळूचा कण असणार. चष्मा पुसला. दोन ठिपके.

१० नोव्हेंबर
छोटा मागच्या आठवड्यात गेला. दुसरा आणला. हा अगदी स्वच्छ होता, आज सकाळपर्यंत.

अथमान आज फोनवर म्हणाला, टँक रिकामा ठेवलास ना? म्हटलं, मी काय लहान आहे का. म्हणाला, शाबास, मला वाटलं नव्हतं तुला जमेल. हा उपमर्द मी विसरणार नाही.

२ डिसेंबर
तिसरा आणला. का ते विचारू नये. पंप चालू असतो, आवाज येत असतो, आत कोणीच नाही, असं बघवत नाही.

१२ डिसेंबर
अथमानचा फोन. सुलतान ठणठणीत. किती दिवस झाले, एक ठिपका नाही. तुझा टँकही आता साफ झाला असणार, पुढच्या शुक्रवारी घेऊन जा.

मुनिराने बादली घासून उन्हात ठेवली. हलवा करायला घेतला. गात होती. कोळंब्या गेल्यापासून ती गायली नव्हती.

ती स्वयंपाकघरात गेल्यावर कांगा उचलून पाहिलं. तिसरा कोपऱ्यात, अंगभर मीठ.

१८ डिसेंबर, सकाळी
विचार केला. तिसऱ्याला काढून टाकलं तरी किडे वाळूत आहेतच. ते कसं चालतं, आता मला अथमानपेक्षा चांगलं ठाऊक आहे. सुलतानला आणून सोडलं की ठिपके. मग घासणं. मग पंपाजवळ धापा.

अथमानला खरं सांगणं हा प्रश्नच उद्भवत नाही. मशिदीबाहेर तीस वर्षं पुरेल.

दुसरा मार्ग: आणायचा दिमाखात. सगळी गल्ली बघेल, अथमानची मान थांबेल. पुढचं पुढे. हाच मार्ग ठरला. मी ताठ आहे.

१९ डिसेंबर, शुक्रवार, संध्याकाळी
मुनिराला घेऊन शेडवर गेलो. बादली मी धरली होती.

सुलतान जाडजूड झालाय. पट्टे लख्ख, डोळा स्वच्छ. टबावर वाकलो तर वर आला, बोटाला तोंड लावलं. ओळखलं त्याने. अथमानने जाळी काढली, म्हणाला, चल शेमेजी, ने तुझं लेकरू घरी.

मी म्हणालो, राहू दे.

म्हणाला, काय राहू दे?

मी म्हणालो, तुझ्याकडेच राहू दे. तू जगवलास. तुझा झाला.

अथमानच्या हातातून जाळी गळून पडली. रडायलाच लागला. मला मिठी मारली, ओल्या हातांनी, माझ्या शुक्रवारच्या पांढऱ्या पायघोळ कांझूवर. म्हणत होता, शेमेजी, तीस वर्षं मी तुला ओळखलंच नाही रे! मनाचा राजा आहेस तू. मुनिराही रडत होती. कामगारांना हाका मारून मारून सांगितलं त्याने. मग शरीफला फोन लावला, माझ्यासमोर, आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. उद्या पूर्ण मोंबासाला कळेल की मी माझा सगळ्यात लाडका मासा मेहुण्याला भेट दिला.

त्याने विचारलं, याला आवडतं काय? मी सांगितलं, सकाळी शिंपला, बारीक चिरून, हातातून घेतो. हात पाण्यात स्थिर धरायचा, घाई करायची नाही, तो आपणहून येतो. आणि थोडं बोलायचं त्याच्याशी.

अथमान म्हणाला, काय बोलायचं?

मी म्हटलं, काहीही. उलट बोलत नाही तो.