पोट हललं तेव्हा

पोराच्या बापाला नमस्कार.

धाकटा तिकडे तुमच्याजवळ शहरात गोदामात कामाला लागला असं तुम्हीच लिहिलंत ना? मग काल तो सिनेमाच्या पडद्यावर मरून कसा पडला होता?

आमची मुकादमीण आम्हा शिलाईच्या बायकांना सिनेमाला घेऊन गेली. नदीतून प्रेत काढलं, तोंडावरची चादर सारली, तर आपला धाकटा! ओठ निळे पडलेले. मी अशी किंचाळले की दारवान बॅटरी घेऊन धावत आला. मुकादमीण म्हणाली, "अगं बाई, खोटं आहे ते!" मी म्हटलं, "खोटं तुला, पोरगं माझं आहे."

मग त्याचं पोट हललं. श्वास घेतला मेल्याने! तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

शाळा चुकवायला असाच मरून पडायचा, तळपायाला गुदगुल्या केल्या की उठायचा. शाळेच्या नाटकात झाड झाला, मग नाटक मंडळीत भालदार. हे खूळ जाणार नाही, हे मी तेव्हाच म्हटलं होतं. पण माझ्यापासून का लपवलंत? मी काय त्याला खाल्लं असतं?

बरगड्या दिसत होत्या हो त्याच्या. जेवतो का? नदीचं पाणी गार होतं का? तुमचा गुडघा कसा आहे? मी बरी आहे, फक्त डोळा लागत नाही.

त्याला सांगा, पुन्हा मरायचं काम मिळालं तर पोट असंच हलव, आई बघत असेल.

रविवारपर्यंत उत्तर पाहिजे, आणि ते त्याच्या हातचं. तुमच्या अक्षरावर माझा विश्वास उरलेला नाही.

तुमचीच,
धाकट्याची आई