साल पुरं होण्याआधी

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग काही जात नाही. आज नातीला अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा धडा समजावत होते. गुलाम ठेवायचे की नाही यावरून अख्खा देश कसा दुभंगला, हे तुम्ही सातवीच्या वर्गात काय रंगवून सांगायचात! आवाज चढायचा, खडू मोडायचा. मी पहिल्या बाकावर, बापाच्या अभिमानाने फुगलेली.

घरी मात्र वेगळंच युद्ध. तुम्हाला वेगळा विदर्भ हवा, काकांना मुंबईसकट महाराष्ट्र. कारंज्याच्या बाजारात चारचौघांत भांडलात आणि तेव्हापासून एका घरात राहून अबोला. "तुया काकाले सांग, पानी तापलं." तीन पावलांवरचे निरोप मी पोचवायचे. वैताग नुसता!

त्या माघात आपला वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गोंड सालदार तुमच्यासमोर येऊन उभा राहतो. "गुरुजी, बायको माहेरी हाय, दिवस भरले तिचे. आठ दिवस जाऊ द्या मले." तुम्ही वर्तमानपत्रातून मानही वर करत नाही. "पाडव्याले साल पुरं झालं का जाजो. हरभरा कोन काढन?" पाडव्याआधी सालदाराने काम सोडायचं नाही, ही गावाची रीत. तो गेल्यावर मी विचारलं, "बाबा, मंग हा गुलाम नाई काय?" तर म्हणालात, "लहान तोंडी मोठा घास घेऊ नोको."

दुसऱ्या दिवशी पहाटे तो निघून गेला. आणि महिनाभर एकमेकांचं तोंड न पाहणारे तुम्ही दोघे भाऊ एका खाटेवर बसलात! काका म्हणाले, "दादा, आज आपला गेला, उद्या साऱ्या गावचे जातीन." तुम्ही म्हणालात, "खरं हाय." विदर्भ बाजूला राहिला, मुंबईही बाजूला राहिली. एकाच बैलगाडीतून गेलात आणि संध्याकाळी त्याला मधे बसवून आणलंत. बांधलं नव्हतं, तशी गरजच पडली नाही. बायकोला कळा सुरू होत्या म्हणे. तो उतरला आणि बैल सोडायला लागला. पुढे मूल जगलं की गेलं, आपल्या घरात कोणी विचारलंही नाही.

हे पत्र तुम्हाला मिळणार नाही, तेच बरं. वर्षभर तो आपल्याकडे राबला, पण त्याचं सासर कोणतं गाव, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. ते त्याने फक्त मला सांगितलं होतं. त्या सकाळी तुम्ही दोघे बोलताय हे पाहून मला इतका आनंद झाला, बाबा, की मी ते गाव सांगून टाकलं.