वेटिंग नंबर सत्तेचाळीस

३ मार्च, सोमवार. दुपारी तीन.
आजपासून रोजनिशी. नागपूरच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, टॉपचे सगळे सेल्समन रोज लिहितात. मी बडनेरा रोडच्या शोरूममध्ये सिनियर सेल्स कन्सल्टंट आहे, म्हणजे जवळजवळ टॉपच.
संकल्प: या महिन्यात आठ गाड्या. तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद. गिऱ्हाइकाशी खोटं बोलायचं नाही. सगळंच सांगायचं असंही नाही. त्याला प्रोफेशनल म्हणतात.

४ मार्च.
खर्रा उद्यापासून.
एका वकिलाने कोटेशनवर बोट ठेवलं. म्हणे, हे हँडलिंग चार्जेस साडेचौदा हजार कायचे? मी म्हटलं, गाडी यार्डातून शोरूमपर्यंत आणायचे. तो म्हणाला, यार्ड त तुमच्या मांगंच आहे. मी म्हटलं, हो, पण हँडल तर करावीच लागते. उत्तर चांगलं होतं. तो उठून गेला. वकिलांना गाडीतलं कळत नाही.
बेसिक किट मात्र मी मनापासून विकतो. छत्तीस हजार. मॅट, मडफ्लॅप, सीटकव्हर, डॅशबोर्डवरचा गणपती. किट घेतल्याशिवाय गाडी मिळत नाही, त्यामुळे गिऱ्हाइकाचा विचार करायचा त्रास वाचतो.

६ मार्च, गुरुवार. दुपारी दीड.
निंभोरकर सर आले! रामराव निंभोरकर. मोर्शीच्या शाळेत मला सातवी-आठवीत गणित शिकवलं. रिटायर होऊन आठ वर्षं झाली, पण हातात तीच कापडी पिशवी. सगळ्या स्टाफसमोर मी पाया पडलो. इम्प्रेशन चांगलं पडलं.
पार्वताकाकूंच्या किडन्या गेल्यात. मंगळवार, गुरुवार, शनिवार अमरावतीला डायलिसिस. काकू आताही दवाखान्यात मशीनवर होत्या. चार तास लागतात, तेवढ्यात सर गाडी पाहायला आले. भाड्याचा गाडीवाला दोनदा आला, तिसऱ्यांदा नाही म्हणाला. काकू येताना ओकतात. म्हणून एसटी. सर म्हणाले, "माह्या गाडीत वकली त वकली. कोनाले काई सांगाचं काम नाही."
पांढरी गाडी पसंत. पैसे तयार, कर्ज नको. असं गिऱ्हाईक वर्षातून एकदा येतं.
मॅनेजर देवानंद साहेबांनी काचेच्या केबिनमधून पाच बोटं दाखवली. म्हणजे पाच महिने वेटिंग सांग. यार्डात पांढऱ्या सहा उभ्या आहेत, पण ती कंपनीची आतली गोष्ट. मी सांगितलं, सर, पाच महिने. प्रायोरिटीमध्ये आठ दिवसांत होईल, साठ हजार प्रीमियम वरून, रोख. पावती नसते.
इथपर्यंत सगळं ट्रेनिंगप्रमाणे. लोक चिडतात, घासाघीस करतात, पन्नासवर येतात. सरांनी मात्र विचारलं, "मंग जे माह्या आधी नंबर लावून बसले, त्याईचं काय?"
ट्रेनिंगमध्ये हा प्रश्न नव्हता.
सर म्हणाले, त्याईच्या घरीही कोनी बिमार असन. मी लायनीत थांबतो. माहा नंबर कितवा?
मी म्हटलं, सत्तेचाळीस. आकडा आपोआप आला. सरांनी तो खिशातल्या डायरीत लिहून घेतला. एकवीस हजार बुकिंग.
यार्डातल्या गाड्यांचं तेवढं सरांना सांगायचं राहिलं. महिनाअखेरीस सांगून टाकू.

८ मार्च.
देवानंद साहेबांना म्हटलं, माझे सर आहेत, एक गाडी बिनाप्रीमियम सोडा. ते म्हणाले, "तुह्या सरासाठी सोडली त उद्या माह्या सासऱ्यासाठी सोडा लागन. साठ तू भर, आजच चावी घे."
एका प्रीमियमवर मला चार हजार मिळतात. मी स्वतः भरले तर छप्पन्न हजार जातील. हिशेब सरांनीच शिकवलेला आहे.

१९ मार्च.
सरांनी कंडक्टरच्या हाती संत्र्यांचा क्रेट पाठवला. मृग बहाराची, साखर नुसती. स्टाफला वाटली. देवानंद साहेब म्हणाले, मानूस चांगला आहे. मीही तेच म्हटलं. माझं वजन वाढलं.

३० मार्च, पाडवा.
अकरा डिलिव्हऱ्या! नऊ प्रीमियमच्या. पांढऱ्या चार गेल्या, संध्याकाळपर्यंत नवीन पाच आल्या. सरांना आजच सांगणार होतो, पण सणाच्या दिवशी अशी गोष्ट काढू नये. फोन करून शुभेच्छा दिल्या आणि नंबर एकतीस झाला म्हणून सांगितलं. सर खूश. काकूंना मोठ्याने सांगताना ऐकू आलं, "सोळा लोकाईले भेटली वो गाडी!"
कोणाला आनंद देणं वाईट कसं असेल?

१२ एप्रिल. संध्याकाळी सहा.
सरांची मुलगी दामिनी, अकोल्याला असते. तिचा फोन. अकोल्याच्या शोरूममध्ये हीच गाडी चार दिवसांत देतात, हँडलिंग नाही, किट नाही. आवाज चढवूनच बोलत होती. "तुमच्याच इथं काहून एवढी वेटिंग आहे, दादा?" मी शांतपणे म्हटलं, ताई, अकोल्यात जुन्या स्टॉकची गाडी देत असतील, तारीख बघून घ्या. असतील असं म्हटलं. आहेत असं म्हटलं नाही.
दुपारी सरांचा फोन. म्हणाले, पोरगी ऐकत नोयती. मी तिले सांगून टाकलं, किशोर खोटं कायले बोलन, माहा विद्यार्थी आहे तो. तिच्या बोलण्याचा राग धरू नको.
मी म्हटलं, सर, राग कसला. डोळे भरून आले. एवढा विश्वास आजकाल कुठे राहिलाय.
सोमवारी सांगून टाकायचं. नक्की.

१४ एप्रिल, सोमवार.
शोरूमला सुट्टी.

२९ एप्रिल, मंगळवार.
पंचेचाळीस डिग्री. डेमो गाडीत एका गिऱ्हाइकाला टेस्ट ड्राइव्हला घेऊन निघालो होतो. स्टँडसमोर सिग्नल लागला. फलाटाच्या कडेला काकू खाली बसलेल्या, बुडाखाली पेपर, डोकं सरांच्या खांद्यावर. सर त्यांच्या डोक्यावर ओला दुपट्टा धरून होते आणि दुसऱ्या हाताने मोर्शीच्या बसला थांब थांब करत होते.
आमचा एसी जोरात होता. गिऱ्हाईक म्हणालं, कूलिंग बाकी मस्त आहे.
थांबणार होतो, पण त्याला घाई होती. हॉर्न वाजवला. सरांनी पाहिलं नाही. म्हणजे माझ्या बाजूने भेट झाली.

१५ मे.
घरी एसी बसवला. प्रीमियमच्या कमिशनमधून, हप्ता नाही. वाटलं होतं हर्षा खूश होईल. बायको आहे, पण कधी कधी सरांच्या मुलीसारखी बोलते. म्हणाली, "गाड्या उभ्या आहेत न तुमच्याइथं? मंग एक देऊन द्या न त्याईले." मी तिला डिमांड आणि सप्लाय समजावलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "त्या बाईले वकारी येते त काय पदरात घेते का मंग, एसटीत?"
हे मला माहीत नव्हतं. मी एसी सोळावर केला. ती उठून बाहेरच्या खोलीत जाऊन झोपली, फॅनखाली.

११ जून.
सरांचा नंबर नऊ केला. एकदम एक केला असता तर शंका आली असती. सर म्हणाले, आता आलंच. त्यांनी मोटर ट्रेनिंग स्कूल लावलंय. सहासष्टाव्या वर्षी! लायसन्सही मिळालं. मास्तर म्हणतो, क्लच सोडताना घाई करता. सर स्वतःच हसले.
खर्रा दिवसाला दोनच. प्रगती आहे.

५ जुलै, शनिवार. दुपारी चार.
तीन दिवस पाणी. मोर्शीकडच्या रस्त्यावर एका पुलावरून पाणी गेलं, सकाळच्या बसा बंद. काकूंची आजची डायलिसिस चुकली. सर फोनवर हे सगळं सांगत होते आणि मी हं हं करत होतो. मग म्हणाले, "किशोर, तो साठ हजारवाला रस्ता आहे काय रे अजून?"
मी म्हटलं, आहे सर!
म्हणाले, मले लोकाईच्या मधात घुसाचं नोयतं. पन तिचे पाय सुजले. आता माह्यानं पाहावत नाही.
मनावरचं ओझं उतरलं. सरांना अखेर व्यवहार समजला. आता खरं सांगायची गरजच उरली नाही. प्रश्न आपोआप सुटतात, थोडा धीर धरावा लागतो.

साडेपाच.
देवानंद साहेब म्हणतात, पावसाळ्यात पंचाहत्तर. मी म्हटलं, साठ सांगून बसलोय. ते म्हणाले, गरजू आहे न मानूस? मंग देते तो.
सरांना कळवलं. ते म्हणाले, बरं.

७ जुलै, सोमवार. दुपारी बारा.
सर भिजत आले. पिशवीतून प्लास्टिकची थैली, थैलीतून रुमाल, रुमालातून पंचाहत्तर हजार. देवानंद साहेबांनी मोजून ड्रॉवरमध्ये टाकले. बाकीचा चेक डिलिव्हरीला.
गाडी उद्या सकाळी देता आली असती. किट बसवून तयारच होती. पण माझ्या डोक्यात आयडिया आली: गुरुवारी गुरुपौर्णिमा! विद्यार्थ्याच्या हातून गुरुजींना चावी. शाल, श्रीफळ, मोठी चावी, फोटो. शोरूमच्या पेजवर टाकायला असा फोटो वर्षभरात मिळणार नाही. शेठपर्यंत जाईल.
सरांना म्हटलं, गुरुवारी या. ते म्हणाले, "उद्या मंगळवार आहे, तिले न्याचं आहे. उद्या नाही होत काय?" मी म्हटलं, सर, दोन दिवस द्या, सरप्राइज आहे. मग ते आग्रह करेनात. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला.

८ जुलै, मंगळवार.
बॅनर छापायला दिला. "गुरुदेव भव" लिहून आला. दुरुस्त करून घेतला. पाऊस भयंकर.

९ जुलै, बुधवार. सकाळी दहा.
दामिनीचा फोन. काकू पहाटे गेल्या.
कालची बस निघाली होती, पण पुलाअलीकडेच थांबली. दोन तासांनी माघारी आली. दामिनी एवढंच बोलली. रडतही नव्हती.

दुपारी एक.
नीट विचार करून लिहितो. किडनीचा पेशंट. वय चौसष्ट. सरांच्या शेजाऱ्याला फोन केला, तो म्हणाला डॉक्टरांनी हार्ट सांगितलं. हार्ट. पुलावर पाणी होतं, तर कारही गेली नसती. कारला मात्र दुसऱ्या बाजूने फिरून जाता येतं, बसचा रूट ठरलेला असतो. पण ते सरांना जमलं असतं का? नवीन हात, क्लच घाईने सोडतात.
डॉक्टरांनी गाडीचं नाव कुठेही घेतलेलं नाही.

१० जुलै.
मोर्शीला जाणार होतो. देवानंद साहेबांनी महिन्याची मीटिंग ठेवली. मीटिंग अर्ध्या तासात संपली.

२२ जुलै, मंगळवार. दुपारी अडीच.
सर आले. डोकं भादरलेलं. मी पुन्हा पाया पडलो. या वेळी त्यांनी पाठीवर हात ठेवला नाही, खुर्ची ओढून बसले.
मी म्हटलं, सर, गाडी तयार आहे, कधीही घेऊन जा. ते म्हणाले, कोनाले नेऊ तिच्यात?
मग बाहेर रस्त्याकडे पाहत म्हणाले, "चार मयने बरोबर थांबलो होतो रे. शेवटी आठ लोकाईच्या मधात घुसलो. पैशाच्या जोरावर. घुसलो आन तिसऱ्या दिवशी ती गेली."
सांगायची हीच वेळ होती, हे मला कळत होतं. सर, लाइनच नव्हती. तुम्ही कोणाच्या मध्ये घुसला नाहीत. एवढी दोन वाक्यं. त्यांना हलकं वाटलं असतं. तोंडात खर्रा होता. थुंकून येईपर्यंत देवानंद साहेब कॅन्सलेशनचा फॉर्म घेऊन आले.
बुकिंगच्या एकवीसमधून पाच हजार कापले, पॉलिसी आहे. पंचाहत्तरचं साहेबांनी काही काढलं नाही. सरांनीही काढलं नाही. सही केली आणि मला म्हणाले, "माह्या जागी ज्याचा नंबर होता, त्याले दे ही गाडी. त्याच्या घरी गरज असन."
मी म्हटलं, हो सर.

२६ जुलै, शनिवार.
ती पांढरी गेली. बडनेऱ्याचा एक ठेकेदार, मुलाच्या वाढदिवसाला. प्रीमियम ऐंशी. एकाच गाडीवर दोनदा प्रीमियम, म्हणजे मला दोनदा कमिशन. देवानंद साहेब म्हणाले, असं शोरूममध्ये पयल्यांदाच झालं.
हर्षाला सांगितलं. ती म्हणाली, मी माहेरी चालली, चांदूर बाजारला. पोळ्याच्या आत येशील काय, मी विचारलं. ती म्हणाली, पाहीन.

२ ऑगस्ट. संध्याकाळी सहा.
सरांचा फोन. विचारलं, त्या मानसाले भेटली काय गाडी? मी म्हटलं, भेटली सर. म्हणाले, चांगलं झालं. कोनासाठी घेतली?
तोंडातून निघून गेलं: आईसाठी. डायलिसिस चालू आहे त्यांची.
माणसाला बरं वाटावं म्हणून बोलतो आपण. सरांचा आवाज खरंच बदलला. काकू गेल्यापासून पहिल्यांदा माणसासारखा आला. म्हणाले, "अरे, मंग त्याले माहा नंबर दे! नवीन मानसाले काई समजत नाही. पानी किती द्याचं, कोनती भाजी धुऊन शिजवाची, कोनती नर्स सुई हलक्या हातानं लावते, मले सारं पाठ आहे. आता कोनाच्या कामी येनार ते?"
मी म्हटलं, देतो सर.
म्हणाले, नाही, तो बिचारा कामात असन. तू पत्ता पाठव. मी उद्या सकाळच्या बसनं येतो, त्याच्या माईले भेटून जातो.

पावणेआठ.
सरांचा मेसेज. बस साडेसातची आहे. पत्ता पाठव.

आठ.
उद्यापासून रोज सकाळी दहापर्यंत फोन बंद ठेवायचा. तब्येतीसाठी चांगलं असतं म्हणतात.