उजव्या कोपऱ्यातला ठिपका

प्रिय भिंगरी,

अक्षर वाकडंतिकडं आलं तर समजून घे. बाकावर बसून, गुडघ्यावर वही ठेवून लिहितोय. फोन करता आला असता, पण फोनवर तू मला दोन मिनिटांत गुंडाळतेस. बाबा, शॉट लागलाय, नंतर बोलते, की संपलं. आज दुपारी शूटिंगसाठी तुला नवव्या मजल्यावरून उडी मारायची आहे हे काल आईकडून कळलं, आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. तेव्हा हे सगळं शेवटपर्यंत वाच. आत्ताच वाच.

तुझा नवा सिनेमा मी चार वेळा पाहिला. तिकीट तपासणारा आता विचारतो, काका, उडायला शिकताय की काय! खरं सांगू? सिनेमा मला आवडला नाही. अगं, त्या खलनायकाला जग नष्ट करायचंय ते कशासाठी? जगाने त्याचं काय घोडं मारलंय? अर्धं शहर जमीनदोस्त होतं आणि पुढच्या सीनला सगळे कॉफी पीत बसलेले. एवढा राडारोडा कुणी उचलला? नायक मरतो तेव्हा माझ्या शेजारची मुलं आरामात मक्याच्या लाह्या चघळत होती, कारण त्यांना ठाऊक होतं, पुढच्या भागात हा हजर. जो मरूच शकत नाही त्याच्यासाठी मी का म्हणून घाबरू? तीस वर्षं मी प्रोजेक्टरच्या केबिनमधून सिनेमे दाखवले. रद्दी सिनेमेही दाखवले, पण त्यातला माणूस पडला की थिएटरभर श्वास अडकायचे.

आणि ती कॉम्प्युटरवर केलेली माणसं! पडतात, आपटतात, पण त्यांना वजनच नसतं. तुझी ती निळ्या झग्यातली नायिका अडीच तास उडते. त्यातल्या सात शॉट्समध्ये तिच्या जागी तू आहेस हे मी पहिल्याच खेळाला ओळखलं. त्या सात ठिकाणी अंगाला भार आहे. गुडघा दुमडतो, खांदा आधी टेकतो, केस उशिरा खाली येतात. चेहरा तिचा, हाडं माझ्या लेकीची. शेवटी नावं सरकायला लागली की सगळे पुढच्या भागाची चुणूक बघायला थांबतात. मी चाळीस नावांच्या गठ्ठ्यातलं तुझं नाव बघायला थांबतो. आई मात्र अख्खा सिनेमा डोळे मिटून बसते आणि मला विचारते, उतरली का हो ती? जणू तू पडद्यामागेच उभी आहेस.

पण मी चार वेळा गेलो ते कौतुकाने नाही. दुसऱ्या खेळाला मला एक गोष्ट खटकली. गच्चीच्या कडेचा तो शॉट आठव. नायिका धावत येते, थांबते, उडी घेते. तू थांबलीस तेव्हा उजव्या पायाचा चवडा कडेवर दोनदा घासलास. कड कुठे संपते ते चाचपलंस. मग मान उजवीकडे वळवलीस, नको तेवढी वळवलीस, आणि मगच झेपावलीस. लोकांना वाटलं, वा, काय रुबाब! जुन्या सिनेमांत तू असं कधीच केलेलं नाहीस. तू समोर बघायचीस आणि निघायचीस. खात्री करायला तिसऱ्यांदा गेलो, चौथ्यांदा गेलो. उडीच्या प्रत्येक शॉटमध्ये तेच. चवडा, मान, मग उडी.

गेल्या वर्षी त्या काचा फुटण्याच्या सीनमध्ये तुझ्या उजव्या डोळ्याला लागलं. तू म्हणालीस, बाबा, किरकोळ आहे, आठवड्यात बरं होईल. आम्ही विश्वास ठेवला. गेल्या महिन्यात घरी आलीस तेव्हा माझ्या पेल्यात पाणी ओतताना अर्धं टेबलावर सांडलंस आणि हसून म्हणालीस, लक्ष कुठे असतं माझं कोण जाणे. मीही हसलो. कसला मूर्ख मी! भिंगरी, तुला उजव्या डोळ्याने दिसत नाहीये. डोळ्यांच्या तपासणीच्या तक्त्यावरची अक्षरं तू पाठ करून गेली असशील. नाही म्हणू नकोस. ही युक्ती तू कुठे शिकलीस ते मला ठाऊक आहे.

माझ्याकडेच शिकलीस. केबिनमध्ये दोन मशीनं असायची. वीस मिनिटांनी रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक छोटा ठिपका चमकायचा. पहिल्या ठिपक्याला दुसरं मशीन सुरू करायचं, दुसऱ्याला पडदा त्याच्या हवाली करायचा. डोळ्याचं पातं लवलं की चुकला. तू नऊ वर्षांची होतीस तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे धूर दाटायला लागला. मी कुणाला सांगितलं नाही. नोकरी जाईल ही भीती होती, आणि त्याहून मोठी भीती ही, की ऑपरेटरला दिसत नाही म्हटल्यावर मी उरणार कोण? मग मी सिनेमांचे संवाद पाठ केले. अमुक वाक्य आलं की रीळ बदलायचं. तरी धाकधूक असायचीच. म्हणून शाळा सुटली की तू स्टुलावर चढून झरोक्याला डोळा लावायचीस आणि ओरडायचीस, बाबा, ठिपका! तुला तो खेळ वाटायचा. नंतर तुला सगळं कळलं, आणि तूही तोंडाला कुलूप लावलंस. आपण दोघांनी मिळून दीड वर्ष सगळ्यांना फसवलं.

पुढचं तुला माहीत नाही. कालपर्यंत कुणालाच माहीत नव्हतं. तू कांजिण्यांनी घरी पडली होतीस त्या दुपारी माझा ठिपका चुकला. पडदा पांढरा झाला, लोक शिट्ट्या मारायला लागले. मी घाईत चाचपडत हात घातला, फिल्म अडकली आणि दिव्यासमोर जळाली. केबिनमध्ये धूर झाला. त्या पाळीला माझ्याबरोबर माझा जोडीदार होता, तोच, जो तुला फिल्मचे तुकडे आणून द्यायचा. मॅनेजरने विचारलं, मशीनवर कोण होतं? मी म्हणालो, तो. एवढंच बोललो, भिंगरी. एक शब्द. त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं. त्याने डबा उचलला आणि निघाला, भांडलासुद्धा नाही. तुला मी सांगितलं की तो पिऊन आला होता. तो दारूला शिवतही नव्हता. पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, वीस मिनिटांचं काम, आणि मला लख्ख दिसायला लागलं. त्याच्या घरी जाऊन खरं सांगायचं धैर्य मात्र मला अजून झालेलं नाही. या गोष्टीची मला रोज लाज वाटते.

आता तुझा दोर धरणारे ते मामा डोळ्यांसमोर आण. बारा वर्षं तुझा जीव त्यांच्या हातात आहे. तू हाताने खूण करायची आणि त्यांनी दोर सोडायचा. तुला कड नीट दिसतेय असं समजून ते सोडणार. आज तुझा अंदाज वीतभर चुकला तर तू जाशील, आणि लोक विचारतील, दोरावर कोण होतं? तुझ्या आईचं आणि माझं काय होईल ते लिहायला हात धजत नाही.

मी तुझ्या स्टुडिओच्या फाटकासमोरच्या बाकावर बसलोय. पहाटेच्या गाडीने आलो. आईला सांगून आलोय, सगळं सांगून, जोडीदाराचंही. ती खूप रडली आणि म्हणाली, आधी पोरीला खाली उतरवा, मग तुमचं बघते. हे पत्र फाटकावरच्या बाई तुझ्या हातात देतील. तुझ्या ॲक्शन मास्तरांना मी निरोप धाडलाय की भिंगरीचा बाप आलाय, जेवणाच्या सुट्टीत भेटायचंय. ते हो म्हणालेत. त्याआधी तू स्वतः जाऊन त्यांना डोळ्याचं सांग. सांगितलंस तर मी फक्त नमस्कार करून येईन आणि आपण दोघं इथूनच डॉक्टरकडे जाऊ. नाही सांगितलंस तर मी सांगणार. कदाचित तुझं काम जाईल, तू माझं तोंड बघणार नाहीस. चालेल मला. तू जमिनीवर उभी राहून माझ्यावर ओरडलीस तरी चालेल. लहानपणी तू एकदाही हाक द्यायला चुकली नाहीस, आज माझी पाळी आहे. भिंगरे, ठिपका आलाय.

घाबरलेला, पण फाटकावरून न हलणारा,
तुझाच,
बाबा