सवय होईल म्हणतात

१४ ऑक्टोबर
हॅल्व्हर, नॉर्थ डकोटा

प्रिय मार्लिस,

तुझं पत्र आणि नातीचा फोटो मिळाला. गुडघा कसा आहे? इकडे आम्ही ठीक. बीटची काढणी जोरात आहे. ट्रकांच्या चाकांतला चिखल सगळ्या रस्त्यावर सांडलेला असतो. रोज शाळेची बस काढण्याआधी काच पुसून पुसून माझा हात दुखायला लागलाय.

मोठी बातमी म्हणजे नवा चष्मा. लांबचं, मधलं आणि जवळचं, सगळं एकाच काचेत. डुएन म्हणतो, "आपल्या ट्रॅक्टरला एवढे गिअर नाहीत!" पण खरं सांगते, नुसता वैताग आहे. जमीन अंगावर आल्यासारखी वर येते. पायरी असते तिथे दिसत नाही आणि नसते तिथे दिसते. दुपारपर्यंत मळमळायला लागतं. रविवारी चर्चच्या जेवणाला हॉटडिश नेली होती. ती टेबलावर ठेवायला गेले आणि टेबलाच्या अलीकडेच सोडली. बटाटे, खिमा, सगळं पास्टरांच्या बुटांवर. सगळे हसले. मीही हसले.

दुकानात परत गेले. तिथली पोरगी गोड आहे. म्हणाली, "डोळे नाही, मान वळवायची. जिकडे बघायचं तिकडे नाक करायचं. थोडे दिवस काढा, सवय होईल." तेव्हापासून घरभर नाक फिरवत असते. डुएन म्हणतो, बायको नाही, घुबड पाळलंय.

सगळ्यांनाच होतं म्हणे असं. आमच्या बसगॅरेजचा साहेब, लाइल, त्यालाही झालं होतं. तेव्हा काळजीचं कारण नाही. फक्त एक विचारायचं होतं. तुझाही चष्मा असलाच आहे ना? त्यातून तुला विजेचे खांब वाकलेले दिसायचे का? म्हणजे मधोमध, कुणीतरी बोटाने दाबल्यासारखे? दिसत असतील तर लगेच कळव. नसतील तर राहू दे, काही लिहू नकोस.

आईचा विषय मला काढायचा नाही.

तुझी,
आर्डिस

६ नोव्हेंबर

प्रिय मार्लिस,

तू फोन करत होतीस आणि प्रत्येक वेळी डुएन तुला सांगत होता की मी आंघोळीला गेलेय. इतक्या आंघोळी कोण करतं! माझ्या आवाजावरून तुला कळलं असतं, म्हणून घेतला नाही. पत्रात मला मधेच थांबता येतं.

गेल्या मंगळवारी शाळा सुटल्यावर मुलांना घेऊन निघाले होते. रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ धरून चालले होते, नेहमीसारखी. रेघ थोडी उजवीकडे वळली, मीही वळवलं. आणि खालून खडी वाजायला लागली. मार्लिस, तो रस्ता तिथे वळत नाही. तो कित्येक मैल सरळ जातो, तुलाही माहीत आहे. बस चरीच्या बाजूला कलली. मुलं "हुर्रे!" करून ओरडली, त्यांना वाटलं मी गंमत करतेय. समोरून बीटचा ट्रक भोंगा वाजवत आला. कसंबसं चाक रस्त्यावर घेतलं, ट्रक खेटून गेला, आणि पुढच्या शेताच्या फाट्यावर बस उभी केली.

हँडब्रेक ओढला. चष्मा काढला. रेघ वाकडीच. डावा डोळा झाकला, सरळ झाली. उजवा झाकला, पुन्हा वाकडी, आणि मधे एक करडा डाग, अंगठ्याएवढा.

पुढच्या सीटवरच्या छोट्या क्लाराने विचारलं, "मिसेस टोलफ्सन, तुम्ही डोळे का मिचकावताय?"

"धूळ गेली गं."

आता ऐक. हे मी डुएनलाही सांगितलेलं नाही. मागचं पत्र लिहिलं त्याच्या आधीच मी बाथरूमच्या फरश्या चष्मा काढून बघितल्या होत्या, तरी त्यांच्या रेघा वाकड्याच. मला कळलं होतं. तरी रोज सकाळी मी त्या मुलांना बसमध्ये घेत राहिले आणि चष्म्याच्या नावाने बोटं मोडत राहिले. चष्म्याची सवय होते. दुसऱ्या गोष्टीची मला भीती वाटत होती.

रेडिओवरून लाइलला म्हटलं, "दुसरा ड्रायव्हर पाठव."

"बस बिघडली?"

"बस ठीक आहे. मी बिघडलेय."

तो स्वतःच आला. माझ्या हातून किल्ली घेतली. मी मागे मुलांच्यात जाऊन बसले.

घरी डुएन सूप ढवळत होता. "चष्म्यामुळेच ना?" त्याने विचारलं. मी नाही म्हटलं. त्याने शेगडी बंद केली आणि तिथेच उभा राहिला, पळी हातात धरून.

दुसऱ्या दिवशी फार्गोला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चष्मा अगदी बरोबर आहे. डोळ्याच्या पडद्यामागे पाणी झिरपतंय. घरात कुणाला होतं?"

"आईला."

"त्यांना शेवटी कितपत दिसायचं?"

"आम्हाला आवाजावरून ओळखायची."

त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, तेव्हा काही करता येत नव्हतं, आता येतं. डोळ्यात इंजेक्शन देतात. हो, डोळ्यातच. बधिर करतात, पण सुई येताना तर दिसतेच ना. मी डुएनचा हात असा आवळला की त्याची अंगठी माझ्या तळव्यात रुतली. दर महिन्याला जायचंय. गेलेलं परत येईलच असं नाही, उरलेलं बहुतेक टिकेल. उजवा अजून चांगला आहे. बस मात्र गेली.

आई सारखी म्हणायची ना, दिवे मंद झालेत, आणि बाबा बल्ब बदलत बसायचे. मला आता वाटतं, तिला माहीत होतं. बाबांना बल्ब बदलू देत होती, एवढंच.

आणि आता मुद्द्याचं, ज्यासाठी इतकी पानं फिरले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, बहीण आहे का. मी हो म्हटलं आणि मला तुझं उन्हाळ्यातलं बोलणं आठवलं. तू म्हणाली होतीस, हल्ली टीव्हीवर माणसांचे चेहरे पुसट दाखवतात. आपण दोघी त्या टीव्ही कंपनीला किती शिव्या दिल्या!

मार्लिस, कंपनी चेहरे पुसट दाखवत नाही.

तुमच्या बिस्मार्क शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी तुझ्या नावाने सोमवारची वेळ घेतलीय. न विचारता घेतलीय, खुशाल रागाव. मी रविवारी येतेय, दुसऱ्या कुणीतरी चालवलेल्या बसने. सोमवारी तुझ्याशेजारी बसेन. तू माझा हात आवळ, किती जोरात ते मी बघणार नाही.

फार घाबरलेली, तरी निघालेली,
तुझी धाकटी
आर्डिस